पाप कुणाचं, वाडा कुणाचा

गॉथिक भयपटाची सामग्री प्रेक्षकाला तोंडपाठ असते. पडका किल्ला किंवा ओसाड हवेली, धुकं, मेणबत्ती, लांबलचक जिना, एक कुलूपबंद खोली आणि त्या खोलीबद्दल घरात कुणी बोलायचं नाही असा दंडक. सगळ्यांकडे तीच सामग्री असताना या जातीचे काही चित्रपट शंभर वर्षं टिकतात आणि काही दुसऱ्या आठवड्यात विसरले जातात, असं का होतं? हे चित्रपट वर्षानुवर्षं आवडीने पाहताना माझं एक मत पक्कं होत गेलं. इथली खरी भीती घराण्याने केलेल्या आणि झाकून ठेवलेल्या पापाची असते. भूत येतं ते वसुलीला. ज्या दिग्दर्शकाला ते पाप नेमकं कुणाचं हे ठाऊक असतं त्याचा चित्रपट टिकतो, आणि ज्याच्यापाशी फक्त धुकं आणि जिना असतो त्याच्या हाती नुसता देखावा उरतो. या कसोटीवर गॉथिक भयपट आणि त्याचं सख्खं भावंड असलेली डार्क फँटसी, दोन्ही तपासून पाहण्यासारखी आहेत.

पहिला किल्ला

या प्रकाराचा उगम पुस्तकात आहे. होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाची ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ ही कादंबरी १७६४ च्या अखेरीस आली आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या आवृत्तीत तिच्या नावाखाली ‘गॉथिक कथा’ असं छापलं गेलं. तिची सुरुवातच बघा. किल्ल्याच्या मालकाच्या मुलाचं लग्न लागायचं आहे, आणि कुठूनसं एक अजस्र शिरस्त्राण कोसळून तो मुलगा त्याखाली चिरडून मरतो. कारण पुढे कळतं. मालकाच्या आजोबाने मूळ धन्याला विष घालून किल्ला बळकावलेला असतो. बळकावलेली मालमत्ता, दडपलेला खून आणि पुढच्या पिढीच्या डोक्यावर येणारी फेड, असा या प्रकाराचा सगळा ऐवज या एका प्रसंगात आहे. नंतर मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ने (१८१८) आणि ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ने (१८९७) सिनेमाला दोन आयती पात्रं दिली, आणि ती आजही थकलेली नाहीत.

जर्मनीत एफ. डब्ल्यू. मुर्नाव यांनी १९२२ मध्ये ‘नॉस्फेराटू’ काढला तो ‘ड्रॅक्युला’चे हक्क न घेताच. नावं बदलली, गोष्ट बरीचशी तीच ठेवली. स्टोकरच्या पत्नीने दावा लावला आणि न्यायालयाने १९२५ मध्ये प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. काही प्रती त्यातून वाचल्या म्हणून मॅक्स श्रेकची ती जिन्यावरून वर सरकणारी, नखं लांबवलेली सावली आज आपल्याला पाहता येते. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनच्या रस्त्यांवर हिंडतो. सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायर नष्ट होतो ही कल्पना या चित्रपटाची आहे, आणि ती इतकी रुजली की आता परंपरागतच वाटते.

मला मात्र या चित्रपटात सगळ्यात भेदक वाटतो तो जमीनजुमल्याचा व्यवहार. काउंट ऑर्लोक या व्हॅम्पायरला घर विकून बक्कळ पैसा मिळेल, या आशेने एक दलाल आपल्या तरुण कारकुनाला दूर डोंगरातल्या किल्ल्यात धाडतो. संकट चोरपावलांनी गावात येत नाही. रीतसर घर खरेदी करून ते समोर राहायला येतं, आणि त्याच्या जहाजातून उंदीर व प्लेग येतात. वेर्नर हर्झोग यांनी १९७९ मध्ये हीच कथा पुन्हा केली तेव्हा क्लाउस किन्स्कीचा व्हॅम्पायर मरण येत नाही म्हणून शिणलेला होता. रॉबर्ट एगर्स यांच्या २०२४ च्या आवृत्तीत धागा नायिकेच्या एकटेपणापर्यंत नेला आहे. कुमारवयात तिने सोबतीसाठी घातलेली साद या सैतानाने ऐकलेली असते, आणि तिच्या अवस्थेला भोवतालचे सभ्य लोक आजार म्हणून तिला बांधून ठेवतात. एगर्स यांची चौकट कधी कधी गरजेपेक्षा जास्त घोटीव होते, तरी जुन्या कथेला नवा जाब विचारण्याचं काम त्यांनी केलं आहे.

हॉलिवूडचा सुवर्णकाळ आणि त्याचा संकोच

१९३१ मध्ये युनिव्हर्सलने बेला लुगोसीचा ‘ड्रॅक्युला’ आणि बोरिस कार्लोफचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ एकाच वर्षात आणले. ‘ड्रॅक्युला’ सुरुवातीची काही मिनिटं सोडली तर रंगभूमीवर अडकलेला वाटतो. जेम्स व्हेल यांचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ अजून ताजा आहे, आणि त्याचं कारण तळ्याकाठच्या एका छोट्या प्रसंगात आहे. एक लहान मुलगी त्या विद्रूप जिवाला न घाबरता त्याच्याबरोबर खेळते. दोघं मिळून पाण्यात फुलं सोडतात, फुलं तरंगतात. फुलं संपल्यावर तो मुलीलाच उचलून पाण्यात टाकतो, कारण तीही तरंगेल अशी त्याची समजूत असते. सेन्सॉरने हा शेवटचा भाग कापला. दृश्य त्याने हात पुढे केल्यावर तुटायचं, आणि प्रेक्षक त्याहून भयंकर काहीतरी मनात धरून बसायचे. १९८० च्या दशकात तो तुकडा परत जोडला गेला तेव्हा त्या कृतीतलं अजाणपण लोकांना दिसलं. दोष जन्म देऊन पाठ फिरवणाऱ्याचा आहे, हे व्हेल यांना पक्कं ठाऊक होतं. गिएर्मो देल तोरो यांनी २०२५ मध्ये ऑस्कर आयझॅक आणि जेकब एलॉर्डी यांना घेऊन केलेल्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये हाच धागा आणखी मागे नेला आहे. बापाने मुलाला दिलेली क्रूर वागणूक तो मुलगा आपल्या निर्मितीला देतो.

हिचकॉकच्या ‘रिबेका’त (१९४०) भूत नाहीच. मेलेली पहिली बायको, तिचं नाव कोरलेल्या वस्तू आणि तिची खोली जशीच्या तशी जपणारी मिसेस डॅनव्हर्स, एवढ्यावर मँडरलीची हवेली झपाटलेली वाटते. नायिकेला स्वतःचं नावसुद्धा दिलेलं नाही. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर याला मिळाला. तरी माझ्या मते त्याला एक मोठी खोट आहे आणि ती बाहेरून लादलेली आहे. डाफ्ने द्यू मॉरिए यांच्या कादंबरीत नवऱ्याने रिबेकाचा खून केलेला असतो. खुनी मोकळा सुटता कामा नये, असा हॉलिवूडच्या आचारसंहितेचा नियम होता, म्हणून पडद्यावर तो मृत्यू अपघात ठरला. त्यामुळे घराचा धनी निर्दोष झाला आणि ज्या पायावर हवेली उभी होती तोच दगड निखळला. कादंबरी वाचलेल्या कुणालाही शेवटची वीस मिनिटं सैल वाटतील.

इंग्लंडच्या हॅमर कंपनीने १९५७ मध्ये ‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ आणि १९५८ मध्ये ‘ड्रॅक्युला’ काढून हा प्रकार रंगीत केला. टेरेन्स फिशर यांचं दिग्दर्शन, पीटर कुशिंग आणि ख्रिस्तोफर ली ही जोडी, आणि पडद्यावर प्रथमच इतकं लालभडक रक्त. ‘ड्रॅक्युला’च्या शेवटी कुशिंग लांब टेबलावरून धावत जाऊन पडदा खाली ओढतो आणि उजेड आत घुसतो. तो क्षण आजही टाळी घेण्यासारखा आहे. पण हॅमरने पुढे त्याच साच्यातून इतकी मालिका काढली की किल्ला ओळखीचा झाला आणि ओळखीच्या किल्ल्यात भीती वाटेना.

दाखवायचं की लपवायचं

भूत पडद्यावर दाखवायचं की लपवायचं, हा वाद भयपटांच्या चाहत्यांमध्ये कायम रंगतो. लपवण्याच्या बाजूचे दोन भक्कम पुरावे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झाले. हेन्री जेम्स यांच्या कथेवरचा जॅक क्लेटन यांचा ‘द इनोसन्ट्स’ (१९६१) छायालेखक फ्रेडी फ्रान्सिस यांनी रुंद चौकटीत चित्रित केला. चौकटीच्या कडा अंधारात बुडाव्यात म्हणून त्यांनी खास रंगवलेले फिल्टर वापरले. त्यामुळे डेबोरा करची शिक्षिका हवेलीतून मेणबत्ती घेऊन फिरते तेव्हा दोन्ही बाजूंना कुणीतरी उभं असल्याचा भास सतत होत राहतो. सर्वांत भीतिदायक दृश्य मात्र भरदिवसाचं आहे. तळ्यापलीकडच्या लव्हाळ्यात काळ्या कपड्यातली एक बाई स्तब्ध उभी असते, बस्स.

रॉबर्ट वाइज यांच्या ‘द हाँटिंग’मध्ये (१९६३) तर भूत एकदाही दिसत नाही. रात्री भिंतीपलीकडून कुजबुज ऐकू येते. नायिका एलिनॉर अंधारात मैत्रिणीचा हात घट्ट धरून पडून राहते. तो हात तिचा हात आवळत जातो. दिवा लागतो तेव्हा मैत्रीण खोलीच्या दुसऱ्या टोकाला असते. पुढे एक जाड लाकडी दार कुणीतरी छातीने रेटावं तसं आत फुगतं आणि परत सपाट होतं. हाच चित्रपट १९९९ मध्ये नव्याने निघाला तेव्हा संगणकाच्या जोरावर पुतळे हलले, छत वाकलं, पलंगाने नायिकेला पकडलं, आणि भीती पार पळाली.

तरीही ‘न दाखवणं म्हणजेच कला’ हा निष्कर्ष मला मान्य नाही. कोपोला यांच्या १९९२ च्या ‘ड्रॅक्युला’त सगळंच दाखवलं आहे. त्यांनी बहुतेक करामती संगणकाविना, जुन्या मूकपटांच्या युक्त्या वापरून कॅमेऱ्यातच केल्या. काउंट शांत असतो आणि भिंतीवरची त्याची सावली पाहुण्याच्या गळ्याकडे हात नेते. एइको इशिओका यांच्या वेशभूषेला ऑस्कर मिळालं ते योग्यच होतं. या चित्रपटाचं नुकसान झालं ते पदरच्या प्रेमकथेने. काउंटची मेलेली बायकोच नायिका मीनाच्या रूपाने परत आली असं ठरवल्यावर तो विरही प्रियकर होतो आणि त्याने केलेल्या हत्या आपण सोडून देऊ लागतो. तेव्हा दाखवलं किती यापेक्षा दाखवलेल्या गोष्टीला वजन आहे का, हे पाहायला हवं.

डार्क फँटसी: दुसऱ्या जगाचे कायदे

गॉथिक कथेत भूतकाळ आपल्या घरात शिरतो. डार्क फँटसीत माणूस दार उघडून दुसऱ्या जगात जातो आणि तिथले कायदे इथल्याइतकेच कठोर असतात. ज्याँ कॉक्तो यांचा ‘ब्युटी अँड द बीस्ट’ (१९४६) ही या प्रकाराची पहिली मोठी भेट. भिंतीतून बाहेर आलेले जिवंत हात मेणबत्त्या धरून वाट दाखवतात. परीकथेची मोहिनी आणि अंगावरचा शहारा एकाच दृश्यात बसवणं त्यानंतर फार थोड्यांना जमलं. नील जॉर्डन यांनी अँजेला कार्टर यांच्या कथांवरून केलेला ‘द कंपनी ऑफ वूल्व्ह्ज’ (१९८४) त्यांपैकी एक. लांडग्याची गोष्ट तिथे वयात येणाऱ्या मुलीच्या बाजूने सांगितली आहे.

टिम बर्टन यांनी ‘एडवर्ड सिझरहँड्स’मध्ये (१९९०) सगळी मांडणी उलटी केली. टेकडीवरच्या काळ्या वाड्यात राहणारा निष्पाप आहे आणि खालची गोड रंगांची टापटीप वस्ती निर्दय आहे. एडवर्डला घडवणाऱ्या म्हाताऱ्याच्या भूमिकेत एडगर ॲलन पोच्या कथांवरचे चित्रपट गाजवणारा व्हिन्सेंट प्राइस आहे, हीही एक गोड पावती. बर्टन यांच्या पुढच्या अनेक चित्रपटांत वेडीवाकडी झाडं आणि पट्ट्यापट्ट्यांचे कपडे राहिले, पण एडवर्डच्या डोळ्यांतलं एकटेपण हरवलं.

या प्रकाराचं शिखर माझ्या लेखी देल तोरो यांचा ‘पॅन्स लॅबिरिंथ’ (२००६). काळ १९४४, स्पेनमध्ये फ्रँकोची राजवट, डोंगरात लपलेले बंडखोर आणि त्यांचा नायनाट करायला आलेला कॅप्टन विदाल. त्याची सावत्र मुलगी ओफेलिया भूलभुलैयातल्या फॉनने सोपवलेल्या कामगिऱ्या पार पाडते. दुसऱ्या कामगिरीत ती एका दालनात येते. पक्वान्नांनी भरलेल्या लांब टेबलाच्या टोकाला एक फिकट, लोंबत्या कातडीचा नरभक्षक निश्चल बसलेला आहे. त्याचे डोळे समोरच्या ताटलीत ठेवलेले. कोपऱ्यात लहान मुलांच्या बुटांचा ढीग. काही खायचं नाही अशी ताकीद असताना भुकेली पोर दोन द्राक्षं तोंडात टाकते, आणि तो डोळे उचलून तळहातांवर बसवतो. आता याच्याजवळ दुसरं दृश्य ठेवा. त्याआधी कॅप्टन विदालही असाच भरल्या टेबलाच्या टोकाला बसलेला असतो आणि गावकऱ्यांचं रेशन तोडण्याची योजना पाहुण्यांना ऐकवत असतो. दोन टेबलं, दोन यजमान. हा राक्षस कुठून आला, हे वेगळं सांगावं लागत नाही. याच कारणाने मी देल तोरो यांच्या ‘क्रिमसन पीक’चीही (२०१५) बाजू घेतो. त्यातलं रहस्य लवकर उलगडतं ही टीका खरी आहे. पण लाल मातीच्या खाणीवर बांधलेली, त्याच मातीत खचत चाललेली आणि हिवाळ्यात भोवतालचा बर्फ लाल करणारी ती हवेली आपल्या मालकांचा गुन्हा स्वतःच ओकते. तिथली भुतं सावध करायला येतात. मारणारी माणसं जिवंत आहेत.

आपल्याकडचा अंधार

भारतीय सिनेमात हा प्रवाह उशिरा आला असं म्हणतात, ते खरं नाही. मालाडच्या बॉम्बे टॉकीजने १९४९ मध्ये कमाल अमरोहींचा ‘महल’ आणला. छायालेखक होते म्युनिकहून आलेले योसेफ विर्शिंग. जर्मन मूकपटांच्या सावल्यांचं शास्त्र त्यांनी अशोक कुमार आणि मधुबालेच्या चेहऱ्यांवर उतरवलं. लता मंगेशकरांच्या आवाजाने हवेलीला जी हुरहूर दिली ती पुढे कित्येक चित्रपटांनी उसनी घेतली. ‘महल’चं संकलन करणारे बिमल रॉय यांनीच १९५८ मध्ये ‘मधुमती’ दिग्दर्शित केला. ऋत्विक घटक यांच्या या कथेत हवेलीच्या मालकाची सत्ता आणि आदिवासी मुलीवरचा अन्याय हे पाप उघडपणे समोर आहे. म्हणूनच तो ‘महल’पेक्षा खोल जातो.

नंतरच्या काळात हा प्रकार सर्वांत गंभीरपणे केरळने हाताळला आहे. फाझिल यांच्या ‘मणिचित्रताळु’त (१९९३) शोभनाने दुभंगलेल्या मनाची जी भूमिका केली तिच्यासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. राहुल सदाशिवन यांचा ‘ब्रमयुगम’ (२०२४) पूर्णपणे कृष्णधवल आहे. सतराव्या शतकातल्या मलबारात पळून चाललेला पाणन जातीचा एक गायक पावसात एका पडीक वाड्यावर येतो. मम्मुट्टीने साकारलेला वाड्याचा मालक पोट्टी त्याला मानाने बसवतो, जेवू घालतो, आणि मग जाऊ देत नाही. सोंगट्यांच्या डावात गायकाला आपलं आयुष्य पणाला लावावं लागतं. यजमानाच्या गोड बोलण्यामागे जातीची आणि सत्तेची जी दहशत आहे, ती कुठल्याही आरोळीपेक्षा जास्त घाबरवते.

मराठी माणसाला सर्वांत जवळचा वाटावा असा चित्रपट मात्र हिंदीत झाला. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’चं (२०१८) नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून सुचलेलं, आणि कथेच्या मुळाशी नारायण धारपांची कथा. १९१८ ते १९४७ या काळात एक कोकणस्थ घराणं हस्तर नावाच्या शापित देवाच्या खजिन्यामागे लागतं. देवीच्या गर्भात दोराने उतरायचं, पिठाचं रिंगण आखायचं, कणकेची बाहुली पुढे टाकायची आणि भुकेला हस्तर तिच्यावर तुटून पडला की त्याच्या लंगोटातून मोहरा ओरबाडायच्या. बाप हे सगळं मुलाला शिकवतो, एखादी पिढीजात विद्या द्यावी तसं. मुलगा आणखी मोठी हाव सुचवतो. पंकज कुमार यांच्या कॅमेऱ्यातला सततचा पाऊस, कुजलेलं लाकूड आणि शेवाळलेला दगड यांचा वास येतो असं वाटतं. २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. लोभाची वंशावळ इतकी स्पष्ट मांडणारं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

मराठीतच पाहायचं तर विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) आहे. उसाच्या फडात एकच घर, गरोदर पूजा सावंत आणि तिची काळजी घेणारी उषा नाईक. रात्रीचा किल्ला नाही की धुकं नाही, माथ्यावर ऊन आहे. पण उसातून येणाऱ्या मुलांच्या आवाजामागे नकोशा मुलींच्या हत्येचा इतिहास आहे, आणि तो या गोष्टीला गॉथिक करतो. हिंदीत त्याचा ‘छोरी’ झाला, यावरूनच त्याची ताकद कळावी.

अपवाद आणि अपयश

माझ्या कसोटीत न बसणारा एक चित्रपट सांगायला हवा. दारिओ आर्जेंतो यांचा ‘सस्पिरिया’ (१९७७) पापाचा कुठलाही हिशेब मांडत नाही. लाल-निळा प्रकाश आणि गॉब्लिन या वाद्यवृंदाचं संगीत एवढ्यावर तो प्रेक्षकाला धरून ठेवतो. दुःस्वप्न म्हणून तो अप्रतिम आहे, आणि दुःस्वप्नासारखाच जागं झाल्यावर विरूनही जातो.

एरवी अपयशाची कारणं सारखीच आहेत. ‘व्हॅन हेल्सिंग’ने (२००४) ड्रॅक्युला, लांडगामानव आणि फ्रँकेन्स्टाइनचा जीव यांना एकत्र आणून नुसती हाणामारी केली. २०१७ च्या ‘द ममी’वर युनिव्हर्सलला जुन्या राक्षसांची अख्खी मालिका उभारायची होती. पहिल्याच चित्रपटात तो बेत कोसळला. राक्षसाला नायकाचा प्रतिस्पर्धी करून टाकलं की तो कुणाच्याच घरचा राहत नाही. आपल्याकडच्या बहुतेक भयपटांतही कर्कश आवाजाने दचकवणं हेच भांडवल आहे. दचकणं क्षणात ओसरतं. भीतीला कारण लागतं.

ही कारणं महाराष्ट्रात कमी आहेत का? भाऊबंदकीत अडकलेले वाडे, खोतांच्या आणि कुळांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वैराच्या कथा, विहिरीत गेलेल्या सुनांच्या हळू आवाजात सांगितलेल्या गोष्टी, घराण्याच्या अब्रूसाठी दाबलेली प्रकरणं, सगळं आपल्या गावोगावी आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी त्यातून भयकथेची भरभक्कम परंपरा उभी केली आणि मराठी वाचकाने ती डोक्यावर घेतली. मराठी सिनेमाने मात्र तिला अजून फारसा हात लावलेला नाही, असंच म्हणावं लागेल. यासाठी परदेशी किल्ल्याएवढा पैसा लागत नाही, हे ‘लपाछपी’ने एका घरात आणि उसाच्या फडात दाखवून दिलं. लागतं ते एवढंच, की वाड्यातलं पाप कुणाचं होतं आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे लेखकाने कथा लिहायच्या आधी ठरवावं आणि पडद्यावर त्या माणसाचं नाव घ्यायला कचरू नये.